बाई, मी एकदाच दाबलं!

बालमित्रांनो, आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. बाईंची चूक ऐकायला मुलांना भारी आवडते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे! पण या चुकीतून आमच्या वर्गाला एक सुंदर गोष्ट कळली. ती तुम्हांलाही घरी करून बघता येईल, म्हणून हा सगळा खटाटोप.

आमची शाळा डहाणू आणि तलासरी यांच्या मधल्या भागात आहे. पालघर जिल्ह्याचा हा भाग. एका बाजूला समुद्र आणि चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि पाडे. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं. दरवर्षी आमचं ठरलेलं असतं, ज्वालामुखी नाहीतर पवनचक्की. यंदा मुलं म्हणाली, “बाई, आपण तारपा नाच करू. फिरता!”

तारपा तुम्हांला माहीत आहे ना? वाळलेला दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांपासून केलेलं हे लांबलचक वाद्य. भाताची कापणी झाली की आमच्याकडे रात्री तारपा घुमू लागतो. तारपा वाजवणारा मधे असतो. बाकीचे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती गोल फिरतात. वारली चित्रात जी गोल गोल वळत गेलेली माणसांची साखळी दिसते, तो हाच नाच. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची कला जगभर पोहोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते वारले.

मुलांनी पुठ्ठ्याची माणसं कापली. दोन त्रिकोणांचं अंग, वर गोल डोकं. गेरूने रंगवलेल्या तबकडीच्या कडेला ती सगळी उभी केली. मधे मातीचा तारपावाला. खाली मोटर. समोर एक लाल बटन. बटन दाबलं की नाच सुरू व्हायचा, वीस सेकंद चालायचा आणि आपोआप थांबायचा. मधेच पुन्हा बटन दाबलं तर लगेच थांबायचा. बेत तरी असा होता!

नाच सुरू होईना

रंगीत तालमीच्या दिवशी सातवीतली एक मुलगी बटनापाशी उभी होती. ती अबोल आहे. काम मात्र नेटकं करते, म्हणून बटनाचं काम तिच्याकडे दिलेलं. तिने बटन दाबलं. तबकडी जराशी थरथरली आणि थांबली. पुन्हा दाबलं. या वेळी नाच सुरू झाला. तिसऱ्यांदा पुन्हा थरथर आणि गप्प.

मी म्हणाले, “अगं, दोनदोनदा कशाला दाबतेस? एकदा दाबलं की सुरू, दुसऱ्यांदा दाबलं की बंद, असं सांगितलंय ना?”

ती म्हणाली, “बाई, मी एकदाच दाबलं.”

“मग ते बंद कसं पडलं? हात थरथरतो का तुझा? सर, तू ये रे पुढे.” असं म्हणून मी तिला बाजूला केलं आणि एका मुलाला उभं केलं. तोही दाबू लागला. पहिल्या दोन वेळा नीट चाललं. तिसऱ्या वेळी पुन्हा तीच थरथर! मग मी स्वतः दाबलं. माझ्या हातूनही तेच झालं.

आता आली का पंचाईत? माझा हात तर काही थरथरत नव्हता. मी त्या मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून तबकडीवरची माणसं सरळ करत बसली होती.

पाटीवर बसलेलं छोटंसं डोकं

ही गोष्ट पुढे नेण्याआधी त्या मोटरला हुकूम कोण देत होतं, ते पाहू या.

आमच्या प्रतिकृतीत पत्त्याच्या जोडाएवढी एक निळी पाटी होती. तिचं नाव आर्डुइनो. तिच्यावर एक काळी चिप बसवलेली असते, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. हा एक छोटासा संगणकच. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. त्याला फक्त पाय असतात, म्हणजे पिना. काही पिनांवरून तो बाहेरची खबर घेतो, काहींवरून हुकूम सोडतो. तुमच्या घरच्या धुलाई यंत्रात, मायक्रोवेव्ह भट्टीत, रिमोटमध्ये असाच कोणीतरी मायक्रोकंट्रोलर बसलेला असतो.

आर्डुइनोचा जन्म इटलीतल्या इव्रेया नावाच्या गावी २००५ साली झाला. तिथल्या एका संस्थेत शिकवणाऱ्यांना अशी स्वस्त पाटी हवी होती, की जी इंजिनियर नसलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता येईल. नाव कुठून आणलं, ठाऊक आहे? गावातल्या ज्या बारमध्ये ही मंडळी गप्पांना जमत, त्या बारचं नाव आर्डुइनो! आणि बारला ते नाव मिळालं हजार वर्षांपूर्वीच्या एका राजावरून. हा आर्डुइन १००२ साली इटलीचा राजा झाला होता. त्या राजाचं नाव आज डहाणू-तलासरीची मुलं घेतात, आहे की नाही गंमत?

आपल्या साध्या आर्डुइनो उनो पाटीच्या चिपचं घड्याळ एका सेकंदात १ कोटी ६० लाख ठोके देतं. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

बटनाचीच साक्ष काढली

माझा धाकटा भाऊ आयटीआय झालेला आहे. मिक्सर, पंखे दुरुस्त करतो. संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, “ताई, मुलीला कशाला बोललीस? बटन उड्या मारतंय.”

“बटन कसलं उड्या मारतंय? ते तर पाटीला चिकटवलंय.”

“उद्या मोजून बघ,” तो म्हणाला. आणि मोजायचं कसं, तेही त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटर सोडवून ठेवली. पाटीला एवढंच शिकवलं, की बटन दाबलेलं दिसलं की एक आकडा वाढव आणि संगणकाच्या पडद्यावर दाखव. त्या मुलीलाच पुन्हा बोलावलं. सगळा वर्ग मोठ्याने मोजू लागला. एक... दोन... तीन... वर्गाचे वीस झाले. पडद्यावर आकडा होता सव्वीस!

सगळ्यांनी पाहिलं होतं. वीस म्हणजे वीसच वेळा दाबलं होतं. वरचे सहा बटनाने आपल्या पदरचे घातले होते.

गोटी आणि फरशी

असं का होतं? एक गोटी घ्या आणि शहाबादी फरशीवर टाका. टक्... टक्.. टक्. टक् टक् टकटक. एकदाच टाकली, पण आवाज कितीदा आला? शेवटी शेवटी तर उड्या इतक्या लहान आणि इतक्या भरभर होतात, की मोजताच येत नाहीत.

बटनाच्या पोटात पातळ धातूची पट्टी असते. आपण दाबलं की ती खालच्या धातूवर आपटते, गोटीसारखीच उडते, पुन्हा टेकते, पुन्हा उडते आणि मग स्थिरावते. टेकली की वीज वाहते, उडाली की तुटते. सोडतानाही तसंच, सुटता सुटता पट्टी दोनचार वेळा चिकटते. म्हणून कधी कधी बटन सोडल्यावरही नाच आपोआप सुरू व्हायचा, तो यामुळे! इलेक्ट्रॉनिक्सवाले याला ‘बाउन्स’ म्हणतात. आपण ‘बटनाची उसळी’ म्हणू.

ही उसळी फार थोडा वेळ टिकते. बहुतेक बटनांत एक ते दहा मिलिसेकंद. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. जुन्या किंवा गंजलेल्या बटनात जास्तही. आमच्याकडची हवा खारी, दमट. आमचं बटन जुन्या खेळण्यातून काढलेलं. मग काय विचारता!

आता मघाचा आकडा आठवा. समजा उसळी पाच मिलिसेकंद टिकली. तेवढ्यात चिपच्या घड्याळाचे किती ठोके पडले? करा गुणाकार. ऐंशी हजार! आपल्या पापणीची एक उघडझापही पाच मिलिसेकंदांत पुरी होत नाही. पण चिपला तेवढ्यात पट्टीची प्रत्येक उडी स्वतंत्रपणे दिसते. तिला वाटतं, कोणीतरी सुरू-बंद-सुरू-बंद असं भराभर दाबतंय. ती बिचारी प्रत्येक हुकूम पाळते. उड्या विषम आल्या तर नाच सुरू, सम आल्या तर बंद.

म्हणजे मुलगी खरं बोलत होती. पाटीही खरं बोलत होती. खोटं कोणीच बोलत नव्हतं. मीच तपास न करता निकाल दिला होता.

शिट्ट्या मोजणारी आई

यावर उपाय? तो तुमच्या आईला माहीत आहे. वरणाच्या कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा असतो. पण शिट्टी होण्याआधी कुकर फुस्स... फुस्स करतो. आई त्या फुसफुशीला शिट्टी मोजत नाही. नीट, टिकून वाजली तरच एक शिट्टी.

पाटीलाही तेच शिकवायचं. बटनात बदल दिसला की लगेच विश्वास ठेवू नकोस. वेळ टिपून ठेव. पन्नास मिलिसेकंद तोच बदल टिकून राहिला तरच खरा धर. मधे पुन्हा उसळी दिसली तर पहिल्यापासून मोजायला लाग.

पन्नास मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. आपल्याला उशीर झाल्याचं जाणवतसुद्धा नाही. उसळी मात्र तोवर शांत झालेली असते.

आणखी एक बारीक गोष्ट. बटन दाबलेलं नसताना पाटीची ती पिन कशालाच जोडलेली नसते. ती नुसती लोंबकळत असते. अशा पिनला आजूबाजूच्या तारांतून काहीबाही ऐकू येतं आणि ती मनाला येईल ते सांगते. म्हणून तिला आतून एका रोधाने पाच व्होल्टला बांधून ठेवायची सोय चिपमध्येच केलेली आहे. तिला ‘पुलअप’ म्हणतात. बटनाचं एक टोक पिनला, दुसरं टोक ग्राउंडला जोडायचं. मग बटन न दाबता पिन १ सांगते आणि दाबल्यावर ० सांगते. उलटं वाटतं ना? आमचाही पहिल्यांदा गोंधळ झाला. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, ‘दाबलं म्हणजे शून्य.’

हे सगळं झाल्यावर पुन्हा वीस वेळा दाबलं. पडद्यावर वीस. पुन्हा वीस वेळा. पडद्यावर चाळीस. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

दुसरी अडचण : झोपाळू पाटी

वाटलं, झालं काम. मोटर पुन्हा जोडली. बटन दाबलं, नाच सुरू झाला. वा! आता मधेच थांबवायचं म्हणून पुन्हा दाबलं. नाच चालूच! पुन्हा दाबलं, जोरात दाबलं. छे! वीस सेकंद पुरे झाल्यावरच स्वारी थांबली.

या वेळी मी कोणाला रागावले नाही. शहाणी झाले होते ना!

आम्ही पाटीला दिलेले हुकूम वाचून पाहिले. ‘मोटर सुरू कर. वीस सेकंद थांब. मोटर बंद कर.’ यातल्या ‘थांब’साठी आर्डुइनोच्या भाषेत ‘डिले’ नावाचा शब्द आहे. सगळे नवशिके तोच वापरतात. पण डिले म्हणजे नुसतं थांबणं नाही, तर डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपणं आहे. वीस सेकंद पाटी बटनाकडे बघतच नाही. तुम्ही दार ठोठावत बसा.

मग करायचं काय? मी मुलांना विचारलं, “आई चुलीवर भात ठेवते. भात शिजेपर्यंत ती डोळे मिटून चुलीपुढे बसून राहते का?”

“नाही बाई! ती भांडी घासते.”

“पाणी भरते.”

“माझ्या बहिणीची वेणी घालते.”

“आणि भाताचं काय?”

“मधे मधे येऊन बघते!”

बघा, उत्तर मुलांनीच दिलं. पाटीच्या आत एक घड्याळ सतत चालू असतं. पाटीला वीज मिळाल्यापासून किती मिलिसेकंद झाली, ते या घड्याळाला कधीही विचारता येतं. त्या शब्दाचं नाव ‘मिलिस’. नाच सुरू झाला की घड्याळ बघून वेळ टिपायची. मग झोपायचं नाही. गोल गोल फेऱ्या मारत राहायचं. बटन बघ, घड्याळ बघ. बटन बघ, घड्याळ बघ. ‘आत्ताची वेळ’ वजा ‘सुरुवातीची वेळ’ वीस हजार झाली की मोटर बंद. मधेच बटन दाबलं तर ते लगेच दिसतं, कारण पाटी जागी आहे.

तारपा नाचात हेच असतं. पाय तर चालूच असतात, पण कान तारप्याकडे असतो. सूर बदलला की पाऊल बदललं. नाचता नाचता ऐकणं बंद केलं तर साखळी तुटेल. हे मी सांगायच्या आधी आमच्या वर्गातल्या मुलांना ठाऊक होतं, कारण त्यांचे आजोबा-काका तारपा वाजवतात.

गणित आवडणाऱ्यांसाठी एक चमत्कार. हे मिलिस घड्याळ ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजतं आणि मग पुन्हा शून्यावर येतं. याचे दिवस किती होतात, काढून पाहा. सुमारे ४९ दिवस १७ तास येतील. म्हणजे पाटी दोन महिने चालू ठेवली तर मधे एकदा घड्याळ शून्यावर जाणारच.

मोटरचे नखरे

बटन सुधारलं, वेळ सुधारली. तरी मोटरने तीन धडे शिकवलेच.

पहिला धडा. मोटर थेट पाटीच्या पिनला जोडू नका. पिनमधून साधारण वीस मिलिअँपिअर वीज घ्यावी. छोटा दिवा त्यावर मजेत पेटतो. पण मोटरला, विशेषतः सुरू होताना, त्याच्या कितीतरी पट वीज लागते. म्हणून मधे एक हमाल ठेवायचा. पाटीने नुसता इशारा करायचा, ओझं हमालाने उचलायचं. आमचा हमाल म्हणजे एल२९३डी नावाची चिप. तिची प्रत्येक वाट ६०० मिलिअँपिअर वाहते. मोटर एकदम बंद केली की तिच्या तारेच्या वेटोळ्यातून विजेचा उलटा धक्का येतो. धावत्या एसटीला ब्रेक लागला की आपण पुढे फेकले जातो ना, तसं. तो धक्का जिरवायचे डायोडही या चिपच्या पोटातच आहेत.

दुसरा धडा. मोटरला वेगळे सेल द्या. आम्ही सगळं एकाच सेलवर चालवलं, तेव्हा मोटर सुरू होताच व्होल्टेज घसरलं, पाटी बेशुद्ध पडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. सगळं विसरून! मात्र दोन्हीकडच्या ग्राउंडच्या तारा एकमेकींना जोडायला विसरू नका. नाहीतर पाटीचा इशारा हमालाला कळणारच नाही.

तिसरा धडा सगळ्यांत मजेदार. आमची मोटर पिवळ्या डब्यातली, आत दातेरी चाकं असलेली. ती भरभर फिरते, म्हणून तिच्यावर लहान रीळ बसवलं, तबकडीखाली डब्याचं मोठं झाकण लावलं आणि दोघांना रबराने बांधलं. झाकणाचा व्यास रिळाच्या पाचपट. त्यामुळे तबकडीचा वेग पाचपट कमी झाला आणि सुमारे पाच सेकंदांत एक फेरी होऊ लागली. वीस सेकंदांत चार फेऱ्या. छान! पण दिवसभर तालीम केल्यावर संध्याकाळी मोजलं, तर वीस सेकंदांत तीनच फेऱ्या. घड्याळ बरोबर होतं. सेल दमले होते.

म्हणजे किती वेळ मोटर चालली यावरून ती किती फिरली, हे खात्रीने सांगता येत नाही. चार फेऱ्याच हव्या असतील तर फेऱ्याच मोजायला हव्यात. आम्ही तबकडीखाली एक लहान चुंबक चिकटवला आणि शेजारी रीड स्विच ठेवला. काचेच्या नळीत दोन नाजूक पट्ट्या असतात. चुंबक जवळ आला की त्या चिकटतात, लांब गेला की सुटतात. दर फेरीला एक टिचकी. चार टिचक्या झाल्या की बंद.

आणि पहिल्याच चाचणीला काय झालं असेल? सव्वादोन फेऱ्यांतच नाच थांबला! मी काही म्हणण्याआधी मागून आवाज आला, “बाई, त्याच्या पट्ट्यापण उडत असतील.”

बोलणारी कोण? तीच, सातवीतली अबोल मुलगी! रीड स्विचलाही उसळी असते. बटनाचाच उपाय तिथे लावला आणि नाच बरोबर चार फेऱ्यांनी थांबला.

करून पाहा

साहित्य : आर्डुइनो उनो पाटी, एक दाबायचं बटन, एल२९३डी चिप किंवा तयार मोटर ड्रायव्हर, पिवळी गियर मोटर, चार सेल आणि त्यांची पेटी, तारा, रीळ, झाकण, रबर, पुठ्ठा, गेरू. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा मोठ्या गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात.

पाटीला द्यायचे हुकूम आम्ही आधी मराठीत वहीत लिहिले. तुम्हीही तसंच करा, मग भाषांतर सोपं जातं.

१. घड्याळ बघ. ही ‘आत्ताची वेळ’.

२. बटन बघ. मागच्या फेरीपेक्षा वेगळं दिसलं तर ‘बदलाची वेळ’ म्हणून आत्ताची वेळ टिपून ठेव.

३. आत्ताची वेळ वजा बदलाची वेळ ५० पेक्षा जास्त झाली का? आणि बटनाची आत्ताची स्थिती ‘खात्रीच्या स्थिती’पेक्षा वेगळी आहे का? दोन्ही असेल तर हीच नवी खात्रीची स्थिती.

४. नवी खात्रीची स्थिती ‘दाबलेलं’ असेल तरच पुढचं कर. नाच बंद असेल तर सुरू कर आणि ‘सुरुवातीची वेळ’ टिप. नाच चालू असेल तर थांबव.

५. नाच चालू आहे आणि आत्ताची वेळ वजा सुरुवातीची वेळ २०,००० किंवा जास्त झाली, तर नाच थांबव.

६. पुन्हा पहिल्यापासून.

एकेक भाग वेगळा तपासा. आधी नुसतं बटन आणि आकडा. मग मोटरच्या जागी छोटा दिवा. दिवा नीट पेटून नीट विझू लागला की मगच मोटर जोडा. सगळं एकदम जोडलं तर चूक कुठे आहे, ते सापडत नाही. आम्ही तसंच केलं होतं, आणि त्याचा भुर्दंड एका मुलीने भरला.

पालकांसाठी दोन शब्द

हे प्रयोग सेलवर किंवा संगणकाच्या यूएसबी तारेवर करायचे आहेत. घरातल्या भिंतीच्या सॉकेटमधली २३० व्होल्टची वीज यात कुठेही आणायची नाही. चिप हाताला चटका बसेल इतकी तापली तर आधी सेल काढा.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथे अशा पाट्या मुलांना हाताळायला मिळतात. २०१६ साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनची ही योजना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. सरकारी शाळांत पाच वर्षांत अशा आणखी ५०,००० लॅब काढण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणं, हीच तिथली शाळा.

आणि आमच्या डहाणू तालुक्याचीही एक ओळख करून देते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तेव्हा या बायका शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. दगड, पानं, शिंपले हीच शिकवायची साधनं. मूल आधी नीट पाहावं आणि मग शिकवावं, हे त्यांचं सांगणं मी डीएडला असताना परीक्षेत दहा गुणांसाठी लिहिलं होतं. रंगीत तालमीच्या दिवशी मात्र मला ते आठवलं नाही.

सव्वीस आकडा पडद्यावर आला, तेव्हा मी त्या मुलीला सगळ्या वर्गापुढे म्हणाले, “तू खरं सांगत होतीस. मी ऐकलं नाही. माझं चुकलं.” ती काही बोलली नाही. नुसती हसली आणि म्हणाली, “बाई, परत मोजू?”

प्रदर्शनाच्या दिवशी बटनापाशी तीच उभी राहिली. पाहुणे आले की ती आधी गोटी फरशीवर टाकून दाखवायची, मग बटन दाबायची. एका पाहुण्यांनी विचारलं, “नाच चालत नसेल तर काय करता?” ती म्हणाली, “मोजून बघतो.”

डोकं चालवा

१. उसळी थांबायची वाट म्हणून ५० ऐवजी २,००० मिलिसेकंद ठेवली तर बटन दाबणाऱ्याला काय अनुभव येईल?

२. बटन कोणी दाबूनच धरलं, सोडलंच नाही, तर वरच्या हुकुमांप्रमाणे नाच कितीदा सुरू होईल?

३. तुमच्या घरात बटनाची उसळी आणखी कुठे कुठे असेल? निदान पाच वस्तू शोधा.

उत्तरं वहीत लिहा, आणि जमलं तर करूनही बघा. बघाल ना?